विचारून आलेली पाहुणी

मौना केआ डोंगराच्या रस्त्यात तूतू कपेका खुर्ची टाकून बसली त्याला अकरा दिवस झाले होते. तूतू म्हणजे आजी. पोलीससुद्धा तिला तूतूच म्हणत. वर शिखरावर आणखी एक दुर्बीण उभी राहणार होती आणि तिच्यासाठी खणणारं यंत्र याच रस्त्याने जाणार होतं. डोंगर म्हणजे कपेकाच्या घरातलं सगळ्यांत थोरलं माणूस. थोरल्याच्या डोक्यात कोणी कुदळ घालतं का, एवढंच तिचं म्हणणं. पोटची लेक हिलिनाई दुर्बिणीवाल्यांचा ट्रक चालवते म्हटल्यावर, मला लेकच नाही, असं ती खुशाल सांगत होती.

आणि यंत्र आलं ते नेमकं हिलिनाईच्याच ट्रकवरून. ती उतरली, चपला काढल्या आणि पाहुण्याने दारात उभं राहून आत यायची परवानगी मागायचं गाणं तिने तिथेच रस्त्यात खड्या आवाजात म्हटलं. ते आईनेच शिकवलेलं. ऐकलं की घरच्या बाईने गाऊनच 'ये, बैस, जेव' म्हणायचं, ही पिढ्यांची रीत. कपेकाच्या तोंडून उत्तर आपसूक निघून गेलं, शेवटच्या हेलासकट.

मग तिने जीभ चावली. अकरा दिवसांची तपश्चर्या एका कडव्यात पाण्यात! रडावं तर तिला हसूच फुटलं, खुर्ची डुगडुगायला लागली. तिच्यामागे रस्ता अडवून बसलेल्या म्हाताऱ्याही खिदळायला लागल्या.

दुर्बिणीवाल्यांचा साहेब धावतच आला. परवानगी मिळाली, सगळ्यांनी ऐकलंय, आता रस्ता सोडा, असं तो चारदा म्हणाला. कपेका पेचात पडली. दिला शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती.

"मिळाली ना," हिलिनाई म्हणाली. "पण साहेब, परवानगी मागतात कोणाकडे?"

"ज्याचं घर त्याच्याकडे," साहेब घाईत बोलून गेला.

"मग घर हिचं. आमच्यात पाहुणा आधी जेवतो, मग घरची बाई सांगेल तसं वागतो. ये म्हणाली, बैस म्हणाली. खण म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही."

सगळा रस्ता हसायला लागला, पोलीसही. साहेबाच्या हातात कोणीतरी अळकुडी कुटून केलेल्या पोईचा वाडगा दिला. बिचारा खातच राहिला.

"मेले, आधी सांगायचंस ना," कपेका डोळे पुसत म्हणाली.

"सांगितलं असतं तर गायली असतीस?"

हिलिनाईने ट्रकची किल्ली साहेबाच्या वाडग्याशेजारी ठेवली आणि आईच्या पायाशी मांडी घालून बसली. नोकरी गेली, हे दोघींनाही कळलं होतं.

"पोई आणा गं," कपेका मागे वळून म्हणाली. "जास्त आणा. माझी लेक घरी आलीय."