उंच वाफे

थंडी ओसरायला लागली की शिलाईमावशी जावयाच्या घरी जायची. दोन दिवसांचे कपडे, हातमोजे आणि स्वतःचं खुरपं पिशवीत टाकायचं आणि सकाळची बस धरायची. खुरपं जावयाकडेही होतं, पण परक्या कात्रीने तिला कधी कापड कापवलं नाही, तसं परक्या खुरप्याने माती उकरवत नसे. जन्मभर तिने शाळेचे गणवेश शिवले होते. गल्लीतल्या लहानथोरांनी तिला शिलाईमावशी करून टाकलं होतं आणि आता तिलाही तेच आपलं खरं नाव वाटायचं.

लेक तिची एकुलती एक आणि ताडमाड उंच. वर्गातल्या पोरी तिला शिडी म्हणायच्या. मापाचा फ्रॉक शिवून होईतो तो आखूड झालेला असायचा. त्या उंचीपायी पाठ मात्र कायमची धरलेली. लग्नानंतर तिने घरामागच्या मोकळ्या जागेत भाजी लावायचं काढलं, तेव्हा नवरा म्हणाला, "दोन दिवस वाकशील आणि आठवडाभर शेक घेत पडशील."

"मी कशाला वाकू? मातीलाच वर बोलावते," ती म्हणाली.

आणि बोलावलंच तिने. फळ्या आणल्या, एकीवर एक चढवल्या, स्क्रूने आवळल्या आणि स्वतःच्या कमरेइतके उंच वाफे उभे केले. तिची कंबर म्हणजे इतरांची छातीच. शेजारचे हसायचे, ही भाजी लावतेय की दुकानाचं काउंटर बांधतेय! ती हसणाऱ्यांच्याच हातात भोपळी मिरच्या ठेवायची आणि त्यांची तोंडं बंद करायची.

मग एका दुपारी ऑफिसात खुर्चीवरून उठता उठता तिच्या डोक्यातली शीर फुटली. मावशी दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मूलबाळ नव्हतं. मागे राहिले नवरा, आई आणि ते वाफे.

पुढची थंडी सरली तेव्हा मावशी न बोलावताच तिकडे गेली होती. वाफ्यांत तण माजलं होतं. ती ते उपटायला लागली. जावई चहाचा कप घेऊन मागच्या दारात आला आणि कप पायरीवर ठेवून त्याने फावडं उचललं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला तेल आणि तारा कळायच्या, मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मावशीने सांगावं आणि त्याने करावं, असं चालू झालं. लेकीविषयी दोघं कधी बोलले नाहीत. बोलायचे ते इतकंच, की इथे खत कमी पडलंय, ही फळी फुगलीय, ही माती चाळून घ्यायला हवी. पूर्वी ती त्याला 'जावईबापू' म्हणायची, अगदी 'तुम्ही'ने. त्या मातीच्या कामात आधी 'जावई' गळून गेला आणि मग 'तुम्ही'ही. "बापू, ते घमेलं आण रे इकडे," असं एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने निमूट घमेलं आणून दिलं. तेव्हापासून ते तसंच राहिलं.

यंदा मात्र जायच्या आधी त्याचा फोन आला.

"आई, या वर्षी नाही आलात तरी चालेल. उगाच दगदग तुम्हाला."

"दगदग कसली? बसमध्ये बसूनच तर यायचं."

"नाही, म्हणजे... मी बघेन या वर्षी."

"तू काय बघणार, तुला गाजराचं रोप आणि गवत ओळखू येत नाही. येते मी," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती पोचली तेव्हा जावई कामावर गेला होता. तिच्याकडे घराची किल्ली होती, पण ती घरात न शिरता बाजूने थेट मागे गेली. एका वाफ्यातलं तण कुणीतरी आधीच काढलं होतं. काढलं म्हणजे काय, वरवर ओढलं होतं. लव्हाळ्याच्या गाठी मातीत जिथल्या तिथे होत्या. पंधरवड्यात पुन्हा हिरवंगार झालं असतं. 'धन्य रे बाबा तुझी,' असं मनाशी म्हणत मावशीने हातमोजे चढवले आणि गाठी एकेक करून उकरायला घेतल्या. वाफ्याच्या कडेला एक रिकामं क्रेट पालथं घातलेलं होतं. ते पायात येत होतं म्हणून तिने बाजूला सरकवलं.

दुपारी पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली. चहा करावा म्हणून सवयीने वरच्या फळीकडे हात नेला, तर फळी रिकामी. लेक सगळे डबे वरच ठेवायची. इतकी वर्षं ते तिथेच होते, मावशीला दर वेळी टाचा उंचावून ते काढावे लागायचे. आता चहा, साखर, डाळी, सगळे डबे खालच्या फळीवर नीट मांडून ठेवले होते. जावयाचा हात तर छताच्या पंख्याला लागतो. त्याला डबे खाली घ्यायची काय गरज?

मावशीने चहा केलाच नाही. ती तिथल्या खुर्चीवर बसली आणि तिला क्रेटचाही अर्थ लागला.

संध्याकाळी जावई आला. तिचं तोंड बघूनच तो समजला. हातपाय न धुताच समोर येऊन बसला.

"आई, मी सांगणारच होतो. फोनवर जमलं नाही."

"कोण आहे?"

"औषधांच्या दुकानात असते. आमच्या कामाच्या वाटेवर आहे ते दुकान. तिचंही... तिचा नवरा सोडून गेला, फारकतही झालीय. पुढच्या महिन्यात नोंदणी करतोय आम्ही." तो थांबला. "तुम्ही रागावलात तर रागवा. पण काहीतरी बोला."

रागावण्यासारखं त्यात काय होतं? चाळिशीही न गाठलेला माणूस. किती दिवस रात्री एकट्याने जेवायचं त्याने? खुद्द मावशीनेच शेजारणीला कितीदा म्हटलं होतं, त्याने दुसरं लग्न करावं बाई, भल्या घरचा मुलगा आहे. तेव्हा ते शब्द कसे सहज आले होते. आता एकेक शब्द मोजून काढावा लागला.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या तुम्ही. मी भात टाकते."

जावयाने झटकन मान वर केली. तो 'तुम्ही' त्याच्या बरोबर वर्मी लागला होता. मावशीने मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण एकदा तोंडातून गेल्यावर तो मागेही घेता येईना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मावशी सकाळीच वाफ्याशी उभी राहून खत मिसळत होती, तेवढ्यात फाटक वाजलं. एक ठेंगणीशी बाई हातात रोपांचा ट्रे घेऊन मागे आली आणि मावशीला बघून जागीच थिजली. फार तर मावशीच्या खांद्याला लागली असती. ट्रे कुठे ठेवावा तेही तिला सुचेना.

"मला माहीत नव्हतं तुम्ही... मी नंतर येते."

"आलीच आहेस तर थांब. रोपं काय डोक्यावर घेऊन फिरणार आहेस?" मावशी म्हणाली. मग वाफ्याकडे बोट करून, "हा वाफा तूच साफ केलास ना?"

"हो."

"केस कापल्यासारखं वरचं कापलंस. मुळं तशीच."

"मला येत नाही हो," बाई खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांनी नको म्हटलं होतं, राहू दे म्हणाले. पण नुसतं पडीक बघवेना. म्हटलं, ज्यांनी एवढं केलं त्यांचं..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. "तुम्हाला काय म्हणू मी?"

"सगळं जग मावशी म्हणतं. तू काय वेगळी आहेस?"

मावशीने तिला लव्हाळ्याची गाठ कशी असते ते दाखवलं. बाईने क्रेट ओढून घेतलं, त्यावर चढली आणि पोट फळीवर टेकवून वाफ्याच्या मधोमध हात घालायला लागली. हात काही पोचेना. ती आणखी पुढे झुकली, क्रेट घसरलं आणि बाई फळीवरून खरचटत खाली आली. नडगी सोलवटली. ती ओरडली नाही, उठली, क्रेट पुन्हा लावलं आणि पुन्हा चढली.

मावशी बघत राहिली. गणवेशाचं काम करताना तिच्याकडे मोठ्या बहिणीचे कपडे धाकटीसाठी आणणाऱ्या आया यायच्या. आत टीप मारून द्या, दुमडून द्या, म्हणायच्या. मावशी म्हणायची, दुमडून पोर बुजगावणं दिसते, मी उसवून नीट कापून देते.

"उतर खाली," ती म्हणाली आणि घराकडे तोंड करून तिने हाक मारली, "अहो, जरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन या!"

जावई आला. कशाला, ते त्याला कळेना.

"वरच्या फळ्या काढायच्या. सगळ्या वाफ्यांच्या. हिच्या हाताला माती लागत नाही."

जावयाचा चेहरा पांढरा पडला. "नको, आई. असू दे. मी तिला मोठं स्टूल आणून देईन."

"स्टुलावर उभं राहून कुणी भाजी लावतं का? पडून हाड मोडेल."

"तिने लावल्यात त्या," जावई म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम चिरकला. "एकेक स्क्रू तिने स्वतः... मला हात लावू दिला नव्हता. तुम्ही तरी असं म्हणू नका, आई."

ठेंगणी बाई दोघांकडे बघत म्हणाली, "मावशी, खरंच राहू दे. मला जमेल हळूहळू."

मावशीने जावयाच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. तो अडवायला पुढे आला नाही. नळापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, नळ सोडला आणि पाणी नुसतंच वाहू दिलं. मग तो रडतोय हे खांद्यांवरून दिसत होतं. बाई त्याच्याकडे जायला निघाली आणि मध्येच थांबली. हे आपलं रडणं नाही, हे तिला उमगलं असावं.

स्क्रू गंजले होते. मावशीची मनगटं शिलाई मशीनवर झिजलेली. तिने सगळा भार टाकून पहिला स्क्रू हलवला. दुसरा हलेचना. तेव्हा बाईने पुढे होऊन तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दोघींनी मिळून तो फिरवला. फळी सुटली तशी वरची माती ढासळून दोघींच्या पायांवर आली, काळीभोर, भुसभुशीत. वर्षानुवर्षं पालापाचोळा घालून लेकीने ती केली होती. मावशीने मूठभर उचलली आणि तशीच धरून बसली.

"टाकू नका कुणी," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या आंब्याच्या बुंध्याशी घाला."

दुपार कलेपर्यंत काम चाललं. शेवटच्या वाफ्याला जावई स्वतः आला. त्याने फळ्या काढल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या आणि घमेल्याघमेल्याने माती आंब्याशी नेऊन टाकली. वाफे आता मांडीइतके झाले होते. बाई जमिनीवर उभी राहून सहज मध्यापर्यंत पोचत होती. मावशीला मात्र ते वाफे ओळखू येईनात. कुणाच्या तरी भलत्याच घराच्या मागे आल्यासारखं तिला वाटलं.

संध्याकाळच्या बसला जावई तिला सोडायला आला. थांब्यावर गर्दी नव्हती.

"लग्नाला याल?" त्याने विचारलं.

"नाही यायची," मावशी म्हणाली. "राग म्हणून नाही. मला तिथे उभं राहवणार नाही, आणि या घरातलं तिचं पहिलंच मंगल कार्य माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने का नासवू?"

"आणि पुढच्या वर्षी? वाफ्यांना?"

"आता तिला येतं सगळं. मी कशाला?"

तेवढ्यात बस आली. मावशीने पर्समधून घराची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने मूठ वळली नाही, तेव्हा तिने त्याची बोटं स्वतःच मिटवली आणि ती वर चढली.

घरी आल्यावर तिने हातमोजे धुतले, वाळवले आणि शेजारणीला देऊन टाकले. लग्न झालं. जावयाचा फोन यायचा, आधी दर आठवड्याला, मग कधीमधी. उन्हाळा सरता सरता एक दिवस तो स्वतः आला. हातात घेवड्याच्या शेंगांची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला, तिची औषधं आणली का विचारलं. मग त्याचा फोन वाजला आणि तो हळू आवाजात "हो, निघतोच" म्हणाला. मावशी उगाचच आत गेली आणि तो बोलून होईपर्यंत ओट्याशी उभी राहिली.

तो गेल्यावर तिने शेंगा निवडायला घेतल्या. कोवळ्या होत्या, बोटाने मोडताच कट्कन तुटत होत्या. दोरही निघत नव्हता. जरा निबर असत्या तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने हात पुसले आणि जावयाच्या घरी फोन लावला. पलीकडून ठेंगण्या बाईचा आवाज आला, दबकलेला.

"शेंगा छान झाल्यात," मावशी म्हणाली.

"खरंच? मला वाटलं, उशिरा तोडल्या."

"नाही, वेळेवर तोडल्यास. आता तोडत राहा. वेलावर वाळू दिल्या तर वेल नव्या शेंगा धरायचा थांबतो."

"बरं, मावशी." बाई जराशी घुटमळली. "तुम्ही या ना एकदा बघायला."

"बघू," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग शेंगांचं ताट मांडीवर तसंच ठेवून ती रडायला लागली. लेक गेली तेव्हा माणसं जमली होती, जावयाला सावरायचं होतं, तिला धड रडताही आलं नव्हतं. आज घरात कुणी नव्हतं. शेजारीण दार वाजवून गेली, मावशीने उघडलं नाही.