चावी देणारी बोटं

कळमनुरीच्या आठवडी बाजारात, ऐन गर्दीत, पुंजाजीनं घड्याळ सुकन्याच्या दुकानातल्या टेबलावर आपटलं.

"हरिचंद मिस्त्री गेला अन् दुकान बुडालं! माह्या बापाच्या घड्याळाचं अस्सल मशीन काढून हिनं भंगारातलं बसवलं. चोर हाय ही पोरगी, चोर!"

समोर खेमाच्या चहाच्या गाड्यावर आठ-दहा जण उभे होते. एकाच्याही तोंडातून 'असं बोलू नका' निघालं नाही. कशाला निघेल? तिचा बाप हरिचंद जाऊन तीन वर्षं झाली, तरी दुकानात शिरणारा आधी विचारतो, 'मिस्त्री कुठंय?' सुकन्या डोळ्याला भिंग लावून समोर बसलेली असते, तरी विचारतो. अन् पुंजाजी शिरड शहापूरचा, मेंढरांचा मोठा धनी. तो चोर म्हणाला की संध्याकाळपर्यंत सगळा बाजार चोर म्हणणार. मग पुढच्या आठवड्यात दुकानाची पायरी कोण चढतो?

घड्याळ तिसऱ्यांदा आलं होतं. जुनं, मनगटी, चावीचं. इथं चार दिवस खिळ्याला टांगलं की मिनिटाला मिनिट बराबर. पुंजाजीच्या घरी गेलं की आठवड्यात नखरे सुरू. कधी वीस मिनिटं मागं, कधी तासभर, कधी ठप्प. झटका दिला की पुन्हा चालू. तिनं स्प्रिंग पाहिली, खडे पाहिले, चक्रीचा तोल पाहिला. दोन्ही वेळा चाकांच्या दातांत पिवळट गाळ निघाला. वाळलेलं तेल असेल म्हणून तिनं पेट्रोलनं धुऊन टाकला.

"बघा रे, चावी दिली तरी चालून न्हाई राहिलं!" पुंजाजी लोकांकडं तोंड करून चावी पिळू लागला.

सुकन्याच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच थांबली. तिला त्याची बोटं दिसली. अंगठा पिवळा. शेजारचं बोट पिवळं. कपाळावरच्या भंडाऱ्याइतकंच पिवळं.

"मामा, चावी कधी देता तुमी?"

"रोज सकाळी, देवापुढं. खंडोबाला भंडारा वाहिला, कपाळाला लावला, की त्याच हातानं चावी. माहा बाप तसंच करत होता."

"अन् चावी झिजली, भोक सैल झालं, आत धूळ जाती, नवी टाकू म्हणलं तवा काय म्हणालात?"

"बापाच्या हातची चावी हाय. ती कशी बदलू?"

तिनं झाकण उघडलं अन् मशीन नाकाशी नेलं. तिचा बाप जन्मभर मशीन आधी हुंगायचा. पोरं हसायची म्हणून तिनं ते सोडलं होतं. कुणाच्या हसण्याला भ्याली ती! पहिल्याच वेळी हुंगलं असतं तर हा तमाशा झाला नसता. तिला स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली.

"खेमा, इकडं ये. हुंग."

खेमानं नाक लावलं. "हळद हाय की! भाजी फोडणीला टाकली का काय मामा?"

गाड्यावर हशा उसळला. पुंजाजीचं तोंड लाल झालं. "देवाच्या भंडाऱ्याला नावं ठेवती?"

"देवाला कशाला ठेवू? तुमाला ठेवते. हातबी न पुसता चावी पिळायची, अन् वर भर बाजारात मला चोर म्हणायचं?"

"बरं, बरं. धुऊन दे. न्यायचं हाय."

सुकन्यानं मशीन घड्याळाच्या खोक्यातून काढलं, काचेच्या पेल्याखाली झाकलं अन् रिकामं खोकं त्याच्यापुढं सरकवलं.

"हे न्या. मशीन हितंच राहील. चोर म्हणालात ना, तेवढ्याच आवाजात सांगा, 'मशीन तेच हाय, बिघाड माह्या बोटांचा हाय.' मग धुते."

"अन् न्हाई सांगितलं तं?"

"तं मग तुमच्या बापाचं मशीन खरंच माह्यापाशी राहिलं म्हणा. करा बोंब."

पुंजाजीनं गाड्याकडं पाहिलं. आता सगळे त्याच्याकडंच बघत होते. एकानंही मान फिरवली नाही. त्यानं पिवळी बोटं धोतराला पुसली.

"मशीन तेच हाय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," सुकन्या म्हणाली.