बनुबाईची माती

बिभीषणाला रडताना बघायचं, एवढी एकच इच्छा हन्नाच्या मनात शिल्लक राहिली होती. चर्चमध्ये डोळे मिटले की ती हेच मागायची. असलं मागणं देव ऐकत नाही हे ठाऊक होतं, तरी मागायची.

बिभीषण म्हणजे तिच्या नवऱ्याचा, याकोबचा, चुलतभाऊ. खर्ड्याजवळच्या त्या वस्तीत सगळ्यांचंच सारखं होतं. कागदावर हिंदू मातंग आणि रविवारी चर्चमध्ये. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ती म्हणवलं की कायद्यानं सवलत जाते, म्हणून कागदाला कुणी हात लावला नाही. त्यावर कुणी बोलतही नसे. मग हन्ना राखीव जागेवर सरपंच झाली आणि बिभीषणाच्या पोटात दुखायला लागलं. त्यानं अर्ज ठोकला, की ही बाई ख्रिस्ती, हिचं लग्न चर्चमध्ये लागलं. त्याच लग्नात या गड्यानं घामाघूम होईस्तोवर ढोलकी बडवली होती!

हन्नाचा दाखला रद्द झाला, पद गेलं. पाठोपाठ याकोबचं पंचायतीचं पाणी सोडायचं कामही गेलं. कोरडवाहू तुकड्यावर काय भागणार? दोघं कोयता घेऊन बेलापूरकडे ऊस तोडायला गेली. तिथं उसाची ट्रॉली उलटली आणि याकोब तिच्याखाली सापडला. त्याला तिकडच्याच मातीत ठेवून हन्ना एकटी परत आली. येऊन बघते तर काय, तिच्या रिकाम्या जागेसाठी बिभीषणाची बायको सविता उभी, कपाळभर कुंकू लावून.

मतदान तोंडावर आलं आणि बिभीषणाची आई, बनुबाई, गेली.

म्हातारी लेकासारखी नव्हती. याकोब गेल्यावर हन्नाच्या चुलीवर तिनंच येऊन भाकरी थापल्या होत्या. दुखणं वाढलं तेव्हा तिनं हन्नाचा हात धरला होता. "मला जाळू दिऊ नगं, पोरी. मालकाशेजारी मातीत ठिवा." हन्नानं शब्द दिला होता.

चर्चच्या माणसांनी रिवाजाप्रमाणे, कुणाला न विचारता, सकाळीच खड्डा खणून ठेवला. पाळकसाहेब बायबल घेऊन तिथं जाऊन थांबले. वेशीबाहेर रस्ता फुटतो. डावीकडे दफनभूमी, उजवीकडे स्मशान. आईला खांद्यावर घेऊन बिभीषण त्या फाट्यावर आला, तेव्हा हन्ना मोबाईल समोर धरून उभी होती.

मोबाईल बंद होता. वस्तीवर आदल्या दिवसापासून वीज नव्हती, चार्जिंग कधीच संपलं होतं. पण बिभीषणाला ते कसं कळावं?

"वहिनी, त्यो मोबाईल खाली करा."

"का वं भावजी? आत्याबाईंची शेवटची आठवन. सावकाश डावीकडं वळा, समदं नीट यिऊ द्या."

"पाया पडतो तुमच्या. आईची विच्छा हाय."

"मंग ठिवा की मातीत. कोन अडवतंय? अर्ज कसा करायचा, त्ये तुमीच शिकवलंय मला."

मागून सविता दबक्या आवाजात म्हणाली, "उजवीकडं चला. समदं जाईल हातचं."

हन्नाचा हात भरून आला होता. तो खाली केला असता तर म्हातारी नवऱ्याशेजारी निजली असती, हे तिला पक्कं कळत होतं. तिला त्या भाकरी आठवल्या, दिलेला शब्द आठवला. मग ट्रॉलीखालचा याकोब आठवला. हात तिनं तसाच ठेवला.

बिभीषण उजवीकडे वळला.

चिता चांगली पेटल्यावर ती त्याच्याजवळ गेली. काळा पडदा त्याच्या डोळ्यांसमोर धरून तिनं बटण दाबदाबून दाखवलं. "बंद हाय, भावजी. सकाळपास्नं बंदच हुता."

तो मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडायला लागला. "वहिनी, मगाशीच का न्हाई सांगितलं?"

हन्नाचं काळीज थंड झालं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं तिला. ती त्याच्याकडे पोटभर बघत राहिली. बघता बघता तिच्या मनात आलं, की याला निदान भीती होती, मला तर तेवढंही कारण नव्हतं.

ती तशीच दफनभूमीकडे गेली. पाळकसाहेब अजून खड्ड्याशी उभे होते.

"हन्नाबाई, बनुबाईला अजून आणलं नाही?"

"आमी दोघांनी मिळून जाळली तिला," हन्ना म्हणाली.