गॅलरीत येऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी गॅलरी आहे, आणि खरं सांगते, मला फार भीती वाटते.

धक्क्यासमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर मी आहे. खाली दगडी रस्ता, पलीकडे पाणी आणि बोटी. लोहाराने मला घडवलं तेव्हा सहा धट्टेकट्टे गडी माझ्यावर नाचले, तरी मी हूं की चूं केलं नाही. पुढे कितीतरी भाडेकरूंनी माझ्यावर कपडे वाळवले, चहा प्यायला, भांडणं केली आणि मिटवलीही. ते दिवस आठवले की जीव हळवा होतो.

पण खाऱ्या वाऱ्याने मला आतून पोखरलं. मला भिंतीशी धरून ठेवणारे दोन ब्रॅकेट आहेत, त्यातला डावा पार कुजला आहे. मागच्या वर्षी रंगाऱ्याने त्यावर टकटक केलं आणि त्याचा चेहराच उतरला. तो मालकांना म्हणाला, "गंज खरवडला तर खाली लोखंडच उरणार नाही." मग मालकांनी न खरवडताच रंग मारून घेतला. चकचकीत हिरवा! तेव्हापासून जो तो माझ्या प्रेमात पडतो.

जागा दाखवणारा एजंट मोठा वस्ताद. तो आधी स्वयंपाकघर दाखवतच नाही. थेट माझं दार उघडतो, पाणी बघा म्हणतो आणि स्वतः मात्र दाराच्या आत उभा राहतो. माझ्यावर त्याने आजवर एक पाऊल टाकलेलं नाही.

काल एक नर्सबाई आल्या, सोबत सहा वर्षांची लेक. बाईंचे वडील गुडघ्यांमुळे खाली बाकावरच बसले. दवाखाना पायी पाच मिनिटांवर, शाळा कोपऱ्यावर, बसची वाट बघणं नाही. बाई हरखूनच गेल्या. लेक धावत माझ्यावर आली आणि बोटी मोजत उड्या मारू लागली. डावीकडे कर्र झालं. सगळा भार उजवीकडे घ्यावा असं वाटलं, पण लोखंडाला कुठलं आलंय हलणं! एजंट म्हणाला, पोरीला घर पसंत पडलं बरं का. बाईंनीही बाहेर यायला पाऊल उचललं.

तेवढ्यात खालून हाक आली. आजोबांचं आयुष्य बोटी दुरुस्त करण्यात गेलेलं. भिंतीपाशी पडलेली फट आणि गंजाचे ओघळ त्यांना बसल्या जागेवरून दिसले होते.

"तू बाहेर जाऊ नकोस," ते बाईंना म्हणाले. "तिला हळूच आत बोलव. पळू नको म्हणावं."

आवाज त्यांनी मुद्दाम शांत ठेवला होता. बाईंनी हात पुढे केला. पोर एकेक पाऊल टाकत आत गेली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. बाईंनी तिला उराशी धरलं आणि तडक जिना उतरल्या. ते लोक गेल्यावर एजंटाने मालकांना फोन लावला. दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा रडतात की आमच्याकडे कुणी फिरकत नाही. मी हात जोडते, माझ्याकडे फिरकू नका. दाराला कुलूप लावा. गंज खरवडा, भोक पडलं तर पडू द्या, पण लोहाराला बोलवा. आणि घर बघायला गेलात तर आधी रस्त्यावर उभं राहून वर बघा.

आत्ता अकरा वाजलेत. जिन्यात पावलं वाजतायत, दोन मोठ्यांची आणि एका लहानग्याची. एजंटाने माझ्या दाराच्या कडीला हात घातला आहे.