उजवा कान

शाळेच्या हॉलमधल्या खुर्च्या संपल्या, तेव्हा उरलेले पालक भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी हुंदके देत होतं, कुणी मोबाइल उंच धरून चित्रण करत होतं. मंचावर माझ्या वर्गातली छकुली बसली होती. दहा वर्षांची, स्वमग्न, आजवर एकही शब्द न बोललेली. शेजारी पाटीवाल्या ताई. त्यांनी छकुलीचं मनगट धरलं होतं आणि तिचं बोट अक्षरांच्या पाटीवर टकटक फिरत होतं. ताई अक्षरं जुळवून वाचत होत्या.

"आई, बाबा माझ्या उजव्या कानात बोलतात. म्हणतात, रडू नकोस."

छकुलीचे बाबा जाऊन आठ महिने झाले होते. पहिल्या रांगेत तिच्या आईने तोंडात रुमाल कोंबला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"देह दहा वर्षांचा, आत्मा दहा हजार वर्षांचा!" ताई माइकवर म्हणाल्या. "शिक्षक थकले, डॉक्टर थकले, पण माझी पाटी थकली नाही. ही मुलं वरच्या लहरींवर असतात. मी नुसती तार जोडते."

वरच्या लहरींना भाषणबाजीची भारी हौस होती. दर चार वाक्यांनंतर त्या ताईंचे आभारही मानत.

मी मागे उभी राहून छकुलीकडे बघत होते. तिचं बोट अक्षरांवर पडत होतं आणि डोळे छताच्या पंख्यावर होते. मला तर न बघता दाराचं कुलूपही उघडता येत नाही. ही पंख्याकडे बघत अख्खी वाक्यं लिहीत होती! मधेच तिने दुसऱ्या हाताने उजव्या कानावर फाडकन मारून घेतलं. लोकांनी हात जोडले.

आणखी एक कबूल करते. आधीच्या आठवड्यात छकुलीच्या आईसमोर मीही पाटीला हळूच विचारलं होतं, "मी तुला नीट शिकवते का गं?" पाटी म्हणाली, "तुम्ही माझ्या दुसऱ्या आई." त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर रडले. अक्कल गहाण ठेवायला मलाही वेळ लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छकुलीच्या आईला मी वर्गात बसवलं.

"कान डॉक्टरांना दाखवा. नऊ दिवस झाले, मारून घेतेय."

"ताई नको म्हणतात."

"आणि चित्रकार्डं कुठे आहेत?"

पाणी, पंखा, पुरे, दुखतंय. ही कार्डं आपल्या हाताने उचलून द्यायला छकुलीला दोन वर्षं लागली होती.

"ड्रॉवरमध्ये. पाटी म्हणाली, चित्रं अडाण्यांसाठी असतात. कुलूप लावलंय, तरी हे नऊ दिवस सारखा ड्रॉवर वाजवते." मग म्हणाली, "मॅडम, हे गेले तेव्हा मी दवाखान्याखाली चहा आणायला गेले होते. आता कुठे बोलायला लागलेत. औषधाने तो आवाज बंद पडला तर?"

मी एवढंच म्हटलं, "एकदा परीक्षा घेऊ. पाटी खरी ठरली तर कार्डं मी स्वतः फेकून देईन."

शाळेतच असलेल्या ताईंना विचारलं, तर त्या लगेच तयार झाल्या. "खुशाल घ्या! लहरींना कसली भीती?"

त्या बाहेर व्हरांड्यात थांबल्या. आईने पर्समधून कपड्यांना लावायचा चिमटा काढून छकुलीला दिला. तिने तो दोनदा दाबला, कानाशी नेऊन कटकट ऐकली. आईने तो परत पर्समध्ये टाकला. मग मी तिच्या बाबांचा फोटो टेबलावर ठेवला आणि ताईंना आत बोलावलं.

"छकुली, आईने आत्ता तुझ्या हातात काय दिलं?"

ताईंनी मनगट धरलं. बोट फिरलं. "बाबांचा फोटो." ताईंचे डोळे भरून आले.

आई पांढरीफटक पडली. "पुन्हा विचारा."

पुन्हा तेच.

"तिचा हात सोडा," आई म्हणाली.

हात सुटला. छकुली उठली, आईची पर्स उघडली आणि चिमटा काढून घेतला.

"इथे अविश्वास आहे," ताई पुटपुटल्या. "लहरी बिघडतात." मग आपल्याच तळहाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "पण मी ढकलत नव्हते हो. शपथ."

मला ते खरं वाटलं आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. मनात शब्द आला की हात नकळत तिकडे झुकतो. धरणाऱ्याला वाटतं, मूलच आपला हात नेतंय. म्हणून पाटीला तेवढंच माहीत असतं, जेवढं ताईंना माहीत असतं. बाबा गेल्याचं ताईंना माहीत होतं. चिमटा माहीत नव्हता.

मी, आई आणि छकुली तशाच छकुलीच्या घरी गेलो. आईने ड्रॉवरचं कुलूप काढलं. छकुलीने कार्डांचा गठ्ठा ओढून जमिनीवर पसरला, एक कार्ड उचलून आईच्या हातात कोंबलं. दुखतंय. आईने ते खाली ठेवलं, तिने पुन्हा दिलं. मग आईचा हात धरून आपल्या उजव्या कानावर दाबला.

कानात पू झाला होता आणि पडद्याला भोक पडलं होतं. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टर ओरडले.

परतताना आईने विचारलं, "मग ते 'रडू नकोस' कोण म्हणालं?"

"ताईंचा हात."

"आणि तुम्हाला दुसरी आई म्हणाली ते?"

"तेही."

'मी तुला नीट शिकवते का' हा प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारलेला नाही. वर्गात एखाद्या मुलाचं मनगट धरून अक्षर गिरवून घेताना मात्र मधेच दचकते, हात सोडते आणि वाट बघते. पुष्कळदा काहीच होत नाही. तरी वाट बघते.

पालकांनो, तुमचं मूल बोलू लागलं असं कुणी सांगितलं, तर आनंद करायच्या आधी त्या माणसाला हात सोडायला सांगा. त्याला ठाऊक नसेल असं काहीतरी मुलाला विचारा. उत्तर आलं नाही तर वाईट वाटेल, मलाही वाटलं. पण आपल्याला ऐकायचं तेच सांगणारा आवाज त्या मुलाचा नसतो.

छकुलीचा कान आता बरा आहे. ड्रॉवर आईने काढूनच टाकला. तरी आई अजून अधूनमधून मला विचारते, "मॅडम, नऊ दिवस ती तो ड्रॉवर वाजवत होती ना?"

हो. नऊ दिवस ती बोलत होती.