कुत्री भुंकलीच नाहीत

दारूबंदी आल्यापासून पोलिसांची चाहूल लागली की तांड्याची कुत्री दिग्रसच्या वाटेवरच भुंकायची, आणि मोहाच्या दारूची भट्टी झाकायला लालीबाईला वेळ मिळायचा. त्या सकाळी मात्र कुत्री शेपट्या हलवत धावली. नागपूरला पोलिसात लागलेला तिचा लेक गुलाबसिंग आला होता! त्याच्या भरतीसाठी अख्ख्या तांड्यानं देवीला बोकड दिला होता.

ती भाकर टाकायला उठली, तोच त्याच्यामागून शिपाई आले. भट्टी फुटली, नवऱ्याच्या हातात बेड्या पडल्या.

"याडी, साहेबानं मुद्दाम मलेच नागपुराहून धाडलं," आईकडे न बघता गुलाबसिंग म्हणाला.

"काहून नाही धाडनार? कुत्र्याइले तुह्या अंगाचा वास ओळखीचा हाये ना!" लालीबाई थुंकली. "आता त्याइले तुह्यावरच भुंकाले शिकवतो मी."