पदराचं सूत

"माय, त्या मुनग्याखालून ऊठ. वरून सुरवंट पडून राहिले."

"मंग कुठी बसू? घरात उजेड हाय का?"

मायनं त्या शेवग्याखालीच लुगडं वर खोचलं, उकडलेल्या रेशमाच्या कोशातून धागा ओढला आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळायला घेतला. आंधळगावात आमच्या घरच्या बायका असंच सूत काढत. तीस वर्षांत तिची डावी मांडी घासून गुळगुळीत झाली होती. माझं लग्न बारा दिवसांवर आलेलं. घरी विणलेलं कोशाचं पातळ नेसूनच पोरगी मांडवात उभी राहणार, हा तिचा हट्ट. फक्त पदराचं सूत राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मांडी लाल होऊन सुजली. सुरवंटाचे केस कातडीत रुतलेले आणि ही त्यावरच धागा वळत बसलेली.

"कंपाउंडरले दाखव," मी म्हटलं.

"मांडी दाखवू? काहीतरीच बोलतं. अन् तुह्या बाबाले सांगू नको, थे माग बंद करतीन."

सांगायची गरजच नव्हती. पदर विणता विणता सुतात अडकलेल्या केसांनी बाबांची बोटं टम्म फुगली. जन्मभर तिचंच सूत विणणाऱ्या माणसाला न कळायला काय झालं? पण विचारलं तर म्हणाले, "थंडीनं फुगली." दोघांचाही मला असा राग आला!

मांडवात पदर खांद्यावर आला आणि मान पेटली. मी बोटही हलवलं नाही. खाजवलं असतं तर पोरीला खरूज आहे म्हणून वऱ्हाडात बोभाटा झाला असता. आणि माय समोरच उभी होती, एका पायावर भार देऊन.

निघताना ती कानाशी आली. "चावते का वं?"

"नाई. मऊ हाय."

मायशी एवढं खोटं मी कधीच बोलले नव्हते.

नागपंचमीला माहेरी आले, तर माय ओसरीवर सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होती.

"सूत काहून सोडलं?"

"कातडी खरबरीत झाली न. धागा अटकते, तुटते."

बाबा आता बाजारचं सूत आणत होते. मला रडू आवरेना. माय विड्या वळत राहिली. एक विडी बांधून झाली की तिचा तळहात सवयीनं मांडीकडे जायचा आणि मधूनच परत यायचा.